जुनी गाडी घ्यायचीय? मग अशी बघा

जुनी गाडी घेताना बहुतेक लोक कुठलं मॉडेल घ्यायचं ह्यात दोन-दोन महिने घालवतात आणि प्रत्यक्ष गाडी बघायला वीस मिनिटं, तीही संध्याकाळी ऑफिसवरून येताना अंधारात. उलटं पाहिजे राव. स्विफ्ट भारी का आय ट्वेंटी भारी हा वाद कट्ट्यावर ठीक आहे, पण गाडी सहा-सात वर्षांची झाली की कंपनी कुठली ह्यापेक्षा आधी ती कोणाच्या हातात होती ह्याला जास्त किंमत असते, नीट वापरलेली वॅगनआर ही हाल केलेल्या होंडा सिटीपेक्षा कधीही बरी. शोरूममधल्या नव्या गाड्यांबद्दल मला फार काही म्हणायचं नाही, तिथे रंग सोडून तुम्हाला निवडायचंच काय असतं. जुन्या बाजारात मात्र बघणाऱ्याच्या डोळ्याला पैसे मिळतात.

आधी पेट्रोल का डिझेल ते मिटवून टाका. आपल्याकडे अजून एक पिढी आहे जी "डिझेलच घे, अॅव्हरेज बघ" म्हणते, त्यांचंही बरोबर होतं त्यांच्या काळात. फियाटचं १.३ मल्टिजेट इंजिन, १२४८ सीसीचं, आपल्या पुण्याजवळ रांजणगावलाही बनायचं, ते स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, पुंटो, लिनिया सगळ्यांत बसलं, लोक त्याला नॅशनल इंजिन म्हणायचे आणि ते नाव त्यानं कमावलं होतं, टायमिंग चेन (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघड-बंद करणारी साखळी), आटोपशीर टर्बो, पळवा कितीही. पण १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हे धुराचे कडक नियम आले, मारुतीनं डिझेल बंदच केलं आणि ते इंजिन संपलं. बीएस-६ च्या डिझेलमध्ये सायलेन्सरच्या लाइनीत डीपीएफ नावाचा फिल्टर असतो, काजळी धरून ठेवणारा, आणि ती काजळी जाळायला गाडी अधूनमधून हायवेला वीस-पंचवीस मिनिटं एका दमात पळावी लागते. तुमचं रोजचं रनिंग जर हडपसर ते स्वारगेट असेल तर तो फिल्टर चोक होणार, डॅशबोर्डवर दिवा लागणार आणि मग बिल येणार. तेव्हा महिन्याला पंधराशे-दोन हजार किलोमीटर हायवे असेल तरच डिझेल, नाहीतर साधं पेट्रोल. साधं म्हणजे खरंच साधं, टर्बो नसलेलं, मॅन्युअल गिअरचं, मारुतीचं के-सिरीज १.२, ह्युंदाईचं कप्पा १.२, होंडाचं १.५ आय-व्हीटेक, ह्यातलं कुठलंही. कुठल्याही तालुक्याच्या गावचा मिस्त्री ही इंजिनं डोळे झाकून खोलतो.

पेट्रोलवाल्यांसाठी एक बारीक गोष्ट, पंपावर आता २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल येतं, आणि एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या त्या हिशोबानं बनवल्यात. त्याआधीची गाडी लगेच बंद पडेल असं काही नाही, अॅव्हरेज थोडं कमी धरा आणि गाडी फारच जुनी असेल तर इंधनाचे रबरी पाइप मिस्त्रीला बघायला लावा, बास.

ऑटोमॅटिक पाहिजे असेल तर थोडं थांबून विचार करा. २०१४ च्या सेलेरिओपासून आपल्याकडे एएमटी आलं, आतला गिअरबॉक्स मॅन्युअलचाच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम मशीन करतं, त्यामुळे दुरुस्ती त्यातल्या त्यात आवाक्यात राहते, गिअर बदलताना मान पुढे जाते तेवढं सोसायचं. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेलं, बेल्टवर चालणारं ऑटोमॅटिक, शहरात मस्त. फोक्सवॅगन-स्कोडाचं सात गिअरवालं ड्राय क्लचचं डीएसजी, म्हणजे दोन क्लचचं ऑटोमॅटिक, चालवायला असलं जबरदस्त आहे की एकदा चालवलं की दुसरं काही आवडत नाही, मी स्वतः त्याचा फॅन आहे, पण वॉरंटी संपलेलं, ट्रॅफिकमध्ये रांगत-रांगत आयुष्य काढलेलं डीएसजी घ्यायचं धाडस पहिल्या गाडीला करू नका. त्याचं मेकाट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर बदलणारा मेंदू, गेलं तर जो आकडा सांगतात त्यात बरी स्कूटर येते.

आणि फीचरच्या नादाला लागू नका, प्लीज. हल्ली कंपन्यांनी सनरूफ नावाचं जे खूळ आणलंय ना, आपल्या उन्हात आणि धुळीत ते कशासाठी हे मला अजून कळलेलं नाही. त्याच्या चारही कोपऱ्यातून पाणी जायला नळ्या असतात, त्या पानं-मातीनं तुंबल्या की पावसाळ्यात पाणी छतातून ठिबकतं, म्हणून सनरूफवाली जुनी गाडी बघत असाल तर छताच्या कापडावर पिवळट डाग आहेत का ते बघा. एसीची बटणं काढून सगळं टचस्क्रीनमध्ये कोंबलंय तो दुसरा वैताग, स्क्रीन बिघडली की एसीही गेला. त्यापेक्षा पैसे सेफ्टीत घाला. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप ह्या गाड्या आपटून सेफ्टीचे स्टार देणाऱ्या संस्थेनं आपल्याकडच्या पाच गाड्यांची बिनएअरबॅगची मॉडेलं आपटून बघितली, पाचही शून्य स्टार, आणि त्यात ऑल्टो, नॅनोच नाही तर पोलोसुद्धा होती. मग हळूहळू नियम आले, २०१९ च्या एप्रिलपासून एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारं), जुलैपासून ड्रायव्हरची एअरबॅग, आणि शेजारच्या सीटची एअरबॅग सगळ्या गाड्यांना सक्तीची व्हायला २०२१ संपावं लागलं. म्हणजे २०१७ ची बेस मॉडेल गाडी कितीही चकाचक असली तरी तिच्यात एअरबॅग नसू शकते. त्याच बजेटमध्ये थोडी जुनी पण दोन एअरबॅग आणि एबीएसवाली टॉप मॉडेल मिळत असेल तर ती घ्या.

बंद पडलेल्या कंपन्यांच्या गाड्या घ्याव्या का, हे सगळे विचारतात. शेवरलेनं २०१७ ला इथली विक्री थांबवली, त्यांचा तळेगावचा प्लांट आता ह्युंदाईकडे आहे. फोर्डनं सप्टेंबर २०२१ ला इथलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. फिगो आणि इकोस्पोर्ट चालवायला एवढ्या चांगल्या आहेत की त्या किमतीत तसा स्टिअरिंगचा फील दुसऱ्या कुठल्या गाडीत मिळत नाही, आणि मार्केट घाबरलेलं असल्यामुळे भाव पाडून मिळतात. तुमच्या गावात त्यांचं काम जाणणारा मिस्त्री असेल आणि एखादा पार्ट यायला आठ दिवस लागले तरी तुमचं अडत नसेल तर बिनधास्त घ्या. घरात एकच गाडी आणि आईवडिलांना दर आठवड्याला दवाखान्यात न्यायचं असेल तर नको.

किमतीचं बोलायचं तर २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला, आणि नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव आपोआप खाली यायला पाहिजे. पण विकणारे अजून मनात जुनेच आकडे धरून बसलेले असतात. तेव्हा कुठल्याही गाडीचा भाव करायच्या आधी त्याच मॉडेलची नवी गाडी आज ऑन रोड कितीला मिळते ते विचारून घ्या. तीन वर्षं जुनी गाडी नव्यापेक्षा लाख-सव्वालाखानंच स्वस्त असेल तर नवीच घ्या की. घ्यायची वेळ म्हणाल तर दसरा-दिवाळीत लोक एक्सचेंजमध्ये गाड्या देतात, त्यानंतरच्या दीड-दोन महिन्यांत बाजारात माल जास्त असतो. पितृपक्षात गिऱ्हाईक फिरकत नाही, तुम्ही मानत नसाल तर तेव्हा भाव चांगला तुटतो.

आता गाडी बघायला निघायच्या आधी घरबसल्या करायचं काम. मालकाकडून आरसीचा फोटो मागा, देत नसेल तर विषय तिथेच संपला. एम-परिवहन अॅपवर नंबर टाकला की पासिंगची तारीख, कितवा मालक, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, आणि गाडीवर बोजा, म्हणजे कर्ज, आहे का हे दिसतं. आरसीवर उत्पादनाचा महिना वेगळा आणि पासिंगची तारीख वेगळी असते, जानेवारी २०२० पासिंग म्हणून विकतात आणि गाडी बनलेली असते २०१९ च्या मध्यात, भाव करताना उत्पादनाचा महिना धरा. मग महाराष्ट्र पोलिसांच्या ई-चलानच्या साइटवर थकलेली चलानं बघा. चलानांची यादी वाचायला फार मजा येते, स्पीडिंगची आठ-दहा चलानं दिसली की गाडी एक्सप्रेसवेवर कशी हाणलेली आहे ते मालकानं न सांगता कळतं.

विम्याची आधीची पॉलिसी मागवा, ही टीप फुकट देतोय पण सगळ्यात कामाची आहे. पॉलिसीवर नो क्लेम बोनसचा टक्का छापलेला असतो, एक वर्ष क्लेम नसेल तर २०, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षं क्लेम न घेता गेली की ५०. मालक म्हणतोय गाडीला ओरखडा नाही आणि सहा वर्षांच्या गाडीच्या पॉलिसीवर बोनस शून्य असेल तर नुकताच क्लेम झालाय, कशाचा झाला ते विचारा. बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे कधी कधी त्याच्या आधीच्या गाडीवरून आलेला असतो, म्हणजे हा पुरावा नाही पण धागा नक्की आहे. तसंच ऑथराइज्ड सर्व्हिस सेंटरची हिस्टरी. मालकाला सांगा की सर्व्हिस सेंटरला फोन करून किंवा कंपनीच्या अॅपमधून काढून दे, त्यात प्रत्येक वेळी किती किलोमीटरला आली, काय बदललं ते असतं, आणि मध्येच कुठे मीटर ५८ हजारावरून ३१ हजारावर आलेलं दिसलं की पुढे बघायलाच नको.

फोनवर मालकाशी नीट बोला, स्थळाची करतात तशी चौकशी करा, लाजायचं कशाला. का विकताय, किती वर्षं आहे, रोज कोण चालवायचं, कुठे लावता, शेवटची सर्व्हिस कधी, टायर कधी बदलले, दोन्ही चाव्या आहेत का. ज्याला टायरप्रेशर किती ठेवायचं हे पाठ आहे आणि जो "फाइल घरी आहे, सगळी बिलं आहेत" म्हणतो त्याची गाडी चार पैसे जास्त देऊनही घ्या. एजंटकडून घेणं वाईटच असतं असं नाही, पण त्याच्याकडे येईपर्यंत गाडीला पॉलिश, इंजिन वॉश आणि सीटकव्हर लागलेलं असतं, म्हणजे ज्या खुणा बघायच्या त्याच पुसलेल्या.

आणि हे अगदी ठणकावून सांगा, की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. सकाळी जा, उन्हात बघा, सोबत एक मिस्त्री घ्या, त्याला पाचशे-हजार रुपये द्या, लाखो रुपये घालताय आणि तिथे कशाला कंजुषी. पोचलात की नमस्कार-चमत्कार करता करता बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर समजा की कोल्ड स्टार्टला, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना, काहीतरी लपवायचंय, चहा घ्या आणि इंजिन पूर्ण थंड झाल्यावर परत या. थंड इंजिनवर आधी ऑइलचं झाकण उघडून आतून बघा, काळं-तपकिरी तेल असेल तर नॉर्मल, कॉफीत दूध घातल्यासारखा चिकट फेस दिसला तर पाणी ऑइलमध्ये मिसळतंय, म्हणजे हेड गॅस्केटपर्यंत (इंजिनाच्या दोन भागांमधलं सील) प्रकरण गेलेलं असू शकतं. पावसाळ्यात अगदी जवळजवळ फिरणाऱ्या गाडीत झाकणाला किंचित फेस येतो, तेव्हा डिपस्टिकही काढून बघा, तिथेही दिसला तर निघा तिथून. कूलंटच्या टाकीत रंगीत कूलंट पाहिजे, नळाचं गढूळ पाणी असेल तर मालकानं गाडीला काय जपलंय ते कळलंच.

मग एकानं स्टार्टर मारायचा आणि तुम्ही सायलेन्सरपाशी उभं राहायचं, उलटं नाही, कारण पहिल्या दोन सेकंदातलाच धूर खरं बोलतो. पांढरट वाफ थंडीत चालते, थोड्या वेळात गेली पाहिजे. निळसर धूर आणि जळक्या तेलाचा वास म्हणजे इंजिन ऑइल पितंय. डिझेलला रेस केल्यावर काळा ढग आला तर इंजेक्टर किंवा टर्बोच्या लाइनीत काम आहे. सुरू होताना पहिला सेकंदभर चेनचा खळखळाट आला आणि थांबला तर ठीक, थांबलाच नाही तर चेन ताणली गेलीये. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण सैल करून नुसतं वर ठेवून बघा, थोडं थरथरलं तर चालेल, उडायला लागलं किंवा फुसफुस धूर यायला लागला तर पिस्टन रिंग गेल्यात, ह्याला मिस्त्री लोक "बॅक मारतंय" म्हणतात. पंधरा मिनिटं एसी फुल ठेवून गाडी उभीच चालू ठेवा, टेंपरेचरचा काटा मध्यावर जाऊन तिथेच राहिला पाहिजे. तोपर्यंत तुम्ही बॉडी बघा.

बॉडीत रंगाची चमक बघू नका, जोड बघा. बॉनेटच्या आणि दाराच्या बिजागरीचे बोल्ट, त्यांच्या डोक्यावरचा रंग पान्यानं खरवडलेला असेल तर तो पार्ट कधीतरी निघालाय. दाराचं रबर बोटानं ओढून बाहेर काढा, लगेच बसतं परत, घाबरू नका. आत पिलरवर (छत पेलणारा खांब) कंपनीच्या वेल्डिंगचे छोटे गोल खळगे एका रांगेत, एकसारख्या अंतरावर असतात. तिथे खळगे गायब असून सपाट पुट्टी दिसली, किंवा वेल्डिंग ओबडधोबड असेल, तर पिलरपर्यंत मार बसलेला आहे आणि अशी गाडी फुकट दिली तरी नको. पुढे बॉनेट उघडून दोन्ही बाजूचे अॅप्रन, म्हणजे चाकांवरचे आतले पत्रे, बघा, सीलंटची रेघ मशीननं मारल्यासारखी सरळ पाहिजे. बंपर बदललाय, फेंडरला रंग मारलाय, ह्याचा बाऊ करू नका, पुण्या-मुंबईत चालवलेल्या गाडीला रिक्षा घासलेली नसेल तर मलाच संशय येतो. सगळ्या काचांवर कंपनीच्या खुणेखाली वर्षाचा आकडा असतो, पाच काचा २०१८ च्या आणि एक २०२१ ची असेल तर त्या बाजूला काय झालं होतं ते विचारा. दगड लागून पुढची काच बदलणं वेगळं, डाव्या बाजूच्या दोन्ही दारांच्या काचा वेगळ्या असणं वेगळं.

पुरातली गाडी हा आपल्याकडचा मोठा विषय आहे. २६ जुलै २००५ च्या मुंबईतल्या गाड्या आता संपल्या, पण २०१९ ला सांगली-कोल्हापूर आणि २०२१ ला चिपळूण पाण्यात होतं, तिथल्या गाड्या धुऊन-पुसून कुठल्या कुठल्या जिल्ह्यात गेल्यात देव जाणे. पासिंग कुठलं आहे त्यावरून एमएच ०८, ०९, १० (रत्नागिरी, कोल्हापूर, सांगली) दिसलं की लगेच नाही म्हणायची गरज नाही, तिथे हजारो गाड्या उंचावर सुरक्षित होत्या, फक्त तपासणी जास्त करा. सीटबेल्ट शेवटपर्यंत, अगदी रीळ संपेपर्यंत ओढा, सीटकव्हर बदलतात, मॅट बदलतात पण बेल्टचा आतला भाग कोणी धूत नाही, तिथे मातीची रेघ सापडते. सीट पुढे-मागे करून खालच्या रुळाचे स्क्रू, डॅशबोर्डच्या खालच्या वायरींच्या जोडण्या, डिक्कीत स्टेपनीच्या खालचा खड्डा, हेडलाइटच्या आतली कड, ह्यात गाळ किंवा गंज. आणि दारं-काचा बंद करून दहा मिनिटांनी आत बसा. परफ्यूमचा भपकारा असेल तर का मारलाय ते शोधा.

मीटर मागे करणं हा आता इतका सोपा उद्योग झालाय की आकड्यावर मी विश्वासच ठेवत नाही. गाडी काय सांगते ते बघायचं. क्लचच्या पॅडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंगचं कातडं चकचकीत, ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड दबलेली, आणि मीटर म्हणतंय २८ हजार, हे कसं जमायचं? टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. गाडी २०१९ ची, रनिंग २८ हजार सांगतायत आणि चारही टायर २०२३ चे, तर पहिले टायर गेले कुठे, साधारण चाळीस हजाराच्या आधी कोण टायर टाकतं? उलट टायर पहिलेच असतील आणि नक्षी बरी असेल तरी सहा-सात वर्षांत रबर कडक होतं, ते बदलायचे पैसे भावातून कापून घ्या.

टेस्ट ड्राइव्हचा रस्ता तुम्ही ठरवा, मालक नेईल त्या गुळगुळीत रस्त्यावर नको. गाणी बंद, एसी बंद, काचा खाली. आधी मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवा, चाकातून टकटक आली तर ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनाची ताकद चाकाला देणारा दांडा) जॉइंट गेलाय. मग खराब रस्ता, स्पीडब्रेकर, खडखड येते का, लिंक रॉड आणि बुशचं काम हजारा-दोन हजारात होतं त्यानं घाबरू नका, शॉकअप चारही गेले असतील तर हिशोब वेगळा. चौथ्या गिअरला चाळीसवर असताना अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा, इंजिनचा आवाज चढला आणि गाडी तिथेच, तर क्लचप्लेट घसरतेय, सहज दहा-बारा हजार. जवळ चढ असेल तर अर्ध्या चढावर थांबवून परत उचला, कात्रज काय किंवा दिवे घाट काय, जे जवळ असेल ते. मोकळ्या सरळ रस्त्यावर मागे कोणी नाही बघून साठवरून जोरात ब्रेक मारा, स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकड्या, एका बाजूला ओढली तर कॅलिपर किंवा अलाइनमेंट. रिव्हर्स टाकायला विसरू नका. एक स्वस्तातलं ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर मिळतं, ते स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावून मोबाइलवर एरर कोड वाचता येतात, आणि कोड कालच पुसलेले आहेत का तेही बऱ्याच अॅपमध्ये कळतं.

सीएनजी असेल तर किट कंपनी फिटेड आहे का बाहेरून बसवलेलं, आणि बाहेरचं असेल तर आरसीवर चढवलेलं आहे का ते आधी. सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी लागते, त्याची प्लेट सिलिंडरवरच असते. कोकणातली, गोव्यातली किंवा अलिबागकडची गाडी असेल तर खाली वाकून, खरं म्हणजे रॅम्पवर चढवून, दाराखालची पट्टी आणि चेसिसचा गंज बघा, खारी हवा आतून पोखरते.

दिल्लीच्या गाड्या. तिकडे डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांचा नियम आल्यापासून चांगल्या चांगल्या गाड्या मातीमोल भावात इकडे येतात, फॉर्च्युनर काय न् काय. पण तिकडच्या आरटीओची एनओसी, इथला रोड टॅक्स, परत पासिंग, एमएच नंबर, हे सगळं धरून बेरीज करा, त्यात डिझेलला आपल्याकडे टॅक्सही पेट्रोलपेक्षा जास्त. बेरीज केल्यावर बऱ्याचदा इथलीच गाडी परवडते. आणि कुठलीही गाडी १४-१५ वर्षांची घेत असाल तर १५ ला री-पासिंग आहे, त्याची नुसती फीच ५ हजार, वर पर्यावरण कर आणि गाडी फिट दिसण्यासाठीचा खर्च, हे भाव करताना बोला.

भाव करताना गाडीला नावं ठेवू नका, माणूस दुखावतो आणि अडून बसतो. मिस्त्रीनं काढलेली कामं कागदावर लिहा, टायर इतके, क्लच इतका, बॅटरी इतकी, आणि कागद त्याच्यापुढे ठेवा. त्यापेक्षा जास्त बोलायला लागत नाही. इसार द्यायचा तर पाच-दहा हजार, तोही ऑनलाइन आणि "कागदपत्रं क्लिअर नसतील तर परत" असं मेसेजवर लिहून घेऊन.

कागदांत कंटाळा करू नका. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत, "लोन फेडलंय हो, फक्त कागद यायचाय" हे वाक्य मी कितीदा ऐकलंय. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओच्या हद्दीत नेत असाल तर फॉर्म २८ ची एनओसी. चेसिस नंबर आरसीशी ताडून स्वतः वाचा. चाव्या घेतल्या त्या तारखेची आणि वेळेची डिलिव्हरी नोट दोघांच्या सहीनं करा, म्हणजे अकरा वाजेपर्यंतचं चलान त्याचं आणि नंतरचं तुमचं. हे विकणाऱ्यानं तर आणखी काळजीनं करावं, कारण २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलंय की आरटीओच्या रेकॉर्डवर ज्याचं नाव तोच मालक, गाडी पुढे चार हात फिरली तरी अपघाताची भरपाई त्याच्याच गळ्यात येते. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्या, थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, आपोआप येतो पण तुमच्या गाडीचं नुकसान झालं तर जुन्या नावाच्या पॉलिसीवर क्लेम अडतो. बोनस त्याचा तो घेऊन जाणार, म्हणून प्रीमियमच्या फरकाचे पैसे भरावे लागतात. जुना फास्टॅग त्याला बंद करायला सांगा आणि तुमचा नवा काढा, नाहीतर तुम्ही खेड शिवापूरला टोल भरणार त्याच्या खात्यातून आणि फोन येणार तुम्हाला. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवलीये का तेही बघून घ्या.

गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदलून टाका, आधीच्यानं कालच केलंय म्हणाला तरी. डस्टरच्या डिझेलसारखी टायमिंग बेल्टवाली गाडी असेल आणि बेल्ट बदलल्याचं बिल फाइलीत नसेल तर बेल्ट आणि टेन्शनर दोन्ही नवीन टाका, तो तुटला तर व्हॉल्व्ह वाकून अख्खं हेड उतरवावं लागतं. बॅटरीवरची तारीख बघा, चार वर्षं झाली असतील तर पावसाळ्याच्या आत बदला. वायपरचे ब्लेडही, दोनशे-चारशे रुपयांचं काम आहे.